कॉलरच्या आतला लाल धागा

शनिवारी छोटी जेवायला येणार, म्हणून थोरल्याने सकाळीच जाहीर केलं होतं की तो घरी जेवणार नाही. वहिनीने त्याचं ताट मांडलं ते मांडलंच. नवऱ्याच्या असल्या घोषणा भूक लागेपर्यंतच टिकतात, एवढं तिला पंधरा वर्षांच्या संसारात कळलं होतं. दोनला वीजकेंद्रातली पाळी सुटली आणि सव्वादोनला तो बॉयलर सूटवरच दारात उभा राहिला.

"मी फक्त जेवायला आलोय," तो म्हणाला. "बोलायला नाही."

"मग तोंड घासापुरतंच उघडा," वहिनी म्हणाली. "आधी हात धुवा."

टेबलाच्या एका टोकाला फोरमन बसले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बाहेरचेच काय, घरचेही त्यांच्या पाठीमागे त्यांना फोरमनच म्हणत. त्यांच्या उजव्या हाताला छोटी, त्यांची मुलगी, प्रादेशिक नियोजन कार्यालयातली अधिकारी. घरातल्या सगळ्या कुरबुरींचं मूळ सध्या तिच्या पिशवीत होतं. तो एकशे बारा पानांचा आराखडा होता. कोळशावरचं वीजकेंद्र पुढच्या मार्चअखेर बंद होणार, राखेची तळी बुजवून तिथे सौर पॅनेल बसणार, जुन्या वर्कशॉपमध्ये बॅटऱ्यांचा कारखाना निघणार. कोणाला कसलं शिक्षण द्यायचं, कोणाला किती वर्षं आधार द्यायचा, हे सगळं त्यात होतं. छोटी आणि तिचे सहकारी तीन वर्षं त्यासाठी खपले होते. हरकती घ्यायची मुदत आज पाच वाजता संपत होती, आणि थोरल्याच्या खिशात हरकतीचा कागद होता. हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून सगळे भाजीतल्या मिठाबद्दल बोलत होते.

मीठ फार वेळ पुरलं नाही.

"देणार आहेस का तो कागद?" फोरमननी विचारलं.

"देणार."

"सख्ख्या बहिणीच्या आराखड्यावर सख्ख्या भावाची हरकत. लोक दात काढतील."

"काढू देत. बाबा, वीस वर्षं मी बॉयलरच्या आवाजावरून सांगतोय त्याला काय होतंय ते. आता एकोणचाळिसाव्या वर्षी पाठीला दप्तर लावून बॅटरी शिकायला बसू? तेही दोन तास लांब?"

"दीड तास," छोटी म्हणाली. "आणि बस कार्यालयाची आहे."

"बघ! हिला दीड तासाचं पडलंय."

"दादा, तू हरकत जरूर दे. त्यासाठीच मुदत ठेवलीय. शिकवणी इथेच वर्कशॉपमध्ये घ्या, असं लिही. तसं पाच जणांनी लिहिलं तर मला वरती भांडता येईल."

थोरला घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. भांडायला कंबर कसून आलेल्या माणसाला समोरच्याने खुर्ची पुढे करावी, तसं त्याचं झालं. "मग आधी का नाही सांगितलंस?" तो पुटपुटला.

"तू तीन आठवडे बोलत कुठे होतास माझ्याशी?"

वहिनीने हळूच भाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. वादळ बाहेरच्या बाहेर गेलं असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात मागचं दार उघडून आत्या आत आल्या.

आत्या म्हणजे फोरमनची धाकटी बहीण. वय सत्तावन्न, आणि भाऊ अजून 'बेबी' म्हणून हाक मारतो. लग्न केलं नाही. कोपरापर्यंत ओल्या बाह्या, हातांची बोटं पाण्याने सुरकुतलेली. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची धुलाई चालायची. वीजकेंद्रातल्या साडेतीनशे माणसांचे सूट तिथे यायचे, तेल, ग्रीस आणि राख अंगावर घेऊन, आणि परत जायचे ते घडी घालून. आत्यांच्या हाताखाली सात बायका होत्या. तरी कोणी विचारलं तर सगळं घर एकच उत्तर द्यायचं. आत्या ना, घरीच असते.

"बेबी, गार झालं सगळं," फोरमन म्हणाले.

"बसते." पण त्या बसल्या नाहीत. पदराला हात पुसून त्यांनी कनवटीचा एक घडी केलेला कागद काढला आणि छोटीसमोर ठेवला. आराखड्यातली फाडलेली दोन पानं होती. "कोणाच्या तरी खिशात होतं. खिसे तपासल्याशिवाय मी सूट पाण्यात टाकत नाही, माहितीये ना तुला. हे परिशिष्ट तीन का काय आहे, ते मी चार वेळा वाचलं. चहाच्या टपऱ्या आहेत, ट्रकवाले आहेत, केस कापणारा आहे, केंद्राच्या फाटकावरचा चप्पल शिवणारासुद्धा आहे. मी कुठल्या पानावर आहे गं?"

छोटीने कागद उचलला. तिला तो वाचायची गरज नव्हती. परिशिष्ट तीन तिनेच लिहिलं होतं, केंद्रावर पोट असलेल्या पण केंद्राच्या हजेरीपटावर नसलेल्या लोकांचं. तरी ती वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेली आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"आणि दुसरं," आत्या म्हणाल्या. "बॉयलर बंद झाला की माझी नळी बंद होणार ना?"

 बॉयलरमधून सोडून द्यायचं गरम पाणी एका टाकीत हाताला सोसेल इतपत निवून नळीने आत्यांच्या शेडमध्ये येत असे. तीस वर्षांपूर्वी एका साहेबांनी ती नळी नुसत्या तोंडी हुकमावर टाकून दिली होती. त्या पाण्याशिवाय सूटचं ग्रीस सुटत नसे. घरातली एक व्यक्ती तो बॉयलर चालवत होती, एकीने तो बंद करायचा आराखडा केला होता, एकाने अडतीस वर्षं त्याची राखण केली होती. नळीचा विचार तिघांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

*

आत्यांना राग आला नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं नंतर वहिनी म्हणाली. त्यांनी पान वाढून घेतलं आणि सावकाश जेवायला लागल्या. त्यांच्या डोक्यात सात बायका होत्या. दोघी विधवा, एकीचा नवरा नुसताच नावाला, आणि सगळ्यांत म्हातारी जी होती तिला दुसरं कोणी कामावर ठेवणार नव्हतं. आपलं काय, भावाचं घर आहे. पण यांना मार्चनंतर काय सांगायचं?

"यादी कशावरून केली?" थोरल्याने बहिणीला विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"घरोघरच्या पाहणीवरून. दोन वर्षांपूर्वी फॉर्म वाटले होते. घरातला प्रत्येक माणूस काय काम करतो, केंद्रावर अवलंबून आहे का..." छोटी थांबली.

"आपल्या घराचा कोणी भरला?"

सगळ्यांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमननी पाण्याचा पेला उचलला, आणि रिकामा आहे हे दिसूनही तोंडाला लावला.

"मी भरला," ते म्हणाले. "व्यवस्थित भरला. प्रत्येक रकाना."

"आत्याच्या नावापुढे काय लिहिलंत बाबा?"

"जे आहे ते. घरकाम. ती घरीच असते."

"आणि मी तो तपासला," छोटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आपल्याच घराचा म्हणून दोनदा तपासला. घरकाम वाचलं आणि पुढे गेले. याच फॉर्मवर माझी सही आहे. बाबा, माझ्या शाळेतसुद्धा तसंच होतं. बाई विचारायच्या, घरात कोण कोण, काय करतात. बाबा केंद्रात. आत्या घरीच असते. शाळेची फी त्या शेडमधून जायची आणि मी ऐटीत सांगायचे, घरीच असते!"

"शेड घरातच आहे," फोरमन म्हणाले. "त्यात खोटं काय?"

"खोटं नाही हो बाबा," वहिनी इतका वेळ गप्प होती, ती बोलली. सासऱ्यांपुढे ती सहसा तोंड उघडत नसे, म्हणून सगळे थबकले. "पण तुम्ही सकाळी सहाला उठून दाढी करता, तेव्हा त्यांच्या धुण्याच्या दोन खेपा झालेल्या असतात."

आत्या म्हणाल्या, "सूनबाई, राहू दे. त्याने काही वाईट हेतूने लिहिलं नाही."

"हेतूचा प्रश्नच नाही, आत्या," छोटी म्हणाली. "सोमवारी आराखडा वर जातो. परिशिष्ट तीन एकदा मंजूर झालं की पुढची दहा वर्षं मदत त्याच नावांना. पाण्याची सोय, नवी जागा, यंत्रं, सगळं. पाचच्या आत हरकत दाखल झाली तरच नाव घालता येईल. आणि फॉर्ममध्ये चूक झाली असेल, तर ज्याने भरला त्याला सहीनिशी लिहून द्यावं लागतं की माझी चूक झाली. सोबत कामाचा पुरावा."

"पुरावा कसला?" आत्यांनी विचारलं. "माझ्याकडे परवाना नाही, पाटी नाही. नळीचासुद्धा कागद नाही."

"आणि चूक मी लिहून द्यायची," फोरमन म्हणाले. ते उठले. "अडतीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नाही. निवृत्तीच्या पत्रात तसं लिहिलंय, वाचून दाखवू? दुसरं काहीतरी लिहा. माहिती अपुरी होती म्हणा. छपाईत राहून गेलं म्हणा."

"मग ते खोटं होईल, बाबा," छोटी म्हणाली.

ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लोटलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

थोरल्याने खिशातला आपला कागद काढून बाजूला ठेवला, एक कोरा कागद समोर ओढला आणि पेन शोधायला लागला. "आत्या, सांग. मी लिहितो. पुरावा पुरावा काय करतेस, छोटे? हे बघ." त्याने मान वाकवून सूटची कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला लाल धाग्याचे चार टाके होते आणि शेजारी एक फुली. "लाल म्हणजे बॉयलर. चार आणि फुली म्हणजे मी. टर्बाइनवाल्यांचा निळा, कोळशाच्या यार्डाचा पिवळा. साडेतीनशे माणसं, प्रत्येकाची खूण वेगळी, आणि हिच्या डोक्यात सगळ्या पाठ. नवा माणूस कामावर लागला की पहिल्या दिवशी आम्ही काय विचारतो? धागा पडला का? कॉलरला धागा पडेपर्यंत तो आमच्यातला नाही. आख्खं केंद्र हिने मोजून ठेवलंय, आणि आपण हिलाच मोजलं नाही."

छोटीने भावाच्या कॉलरवर हात ठेवला. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच त्याच्या इतकी जवळ आली होती. "मला लिहायला मदत करता येणार नाही," ती म्हणाली. "मी तिथली अधिकारी आहे."

"तू गप्प बस फक्त. चुकलं तर खोक."

आणि मग तो लिहायला लागला, आत्या सांगायला लागल्या, वहिनी मध्येच नीट शब्द सुचवायला लागली, आणि छोटी प्रत्येक ओळीला खोकत बसली.

*

फोरमन पलंगाच्या कडेवर बसले होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. छोटीच्या खोकल्यावर त्यांना हसूही आलं, आणि त्याचाच राग आला.

समोर कपाट होतं. कपाटात त्यांचा शेवटचा सूट, निवृत्तीच्या दिवशी घातलेला, इस्त्री करून टांगलेला. त्याला कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. त्यांनी तो काढला आणि कॉलर उलटली. लाल धाग्याचा एकच टाका. एक टाका म्हणजे पहिला माणूस. अडतीस वर्षं ते रोज आपला सूट मांडणीवरून उचलत होते, खूण बघून अंगात घालत होते, आणि एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की पहिला नंबर आपल्याला फोरमन म्हणून मिळालाय.

फोरमन तर ते सोळा वर्षांनी झाले होते. टाका आधीपासून होता.

दार ढकलून आत्या आत आल्या. हातात पाण्याचा पेला. "मघाशी रिकामाच पेला तोंडाला लावलास."

"बेबी," ते म्हणाले, "ही एका टाक्याची खूण तू मला कधी दिलीस?"

"विसरलास? तू कामावर लागलास त्या पहिल्या संध्याकाळी. राखेने नखशिखांत भरून आला होतास. एकच सूट मिळाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाळी. आई अंथरुणाला खिळलेली. मी पंधरा वर्षांची. बादलीत तीनदा घासला, चुलीशी धरून वाळवला. तुझ्याबरोबरच्या दोघांनी तुझा स्वच्छ सूट पाहिला आणि आपलेही आणून टाकले. मग कोणाचा कुठला कळेना, म्हणून धागा. तुझा एक टाका, त्यांचे दोन आणि तीन."

"तुला शाळेत जायचं होतं त्या वर्षी."

"हो."

"पुढे विचारलंच नाही मी."

"तूही दमून यायचास," आत्या म्हणाल्या.  "पण भाऊ, एक सांगते. तुझ्या निरोपाला हार झाले, भाषणं झाली. तो सूट मीच धुतला होता आदल्या दिवशी. मला कोणी काही द्यावं असं नाही. पण त्या दिवशी तू घरी येऊन म्हणालास, आता आपण दोघं आरामात घरी बसू. मी तेव्हा शेडमध्ये उभी होते. वाईट वाटलं मला."

फोरमननी मान हलवली.  मग टेबलाच्या खणातून त्यांनी कोरा कागद काढला, चष्मा लावला, आणि अहवाल लिहायचे तसं डावीकडे समास सोडून लिहायला लागले. दोन ओळींनंतर थांबले.

"धुलाई लिहू की धुलाई केंद्र?"

"धुलाई केंद्र लिही. सात बायका आहेत."

लिहून झालं. मग ते कात्री शोधायला लागले, तेव्हा आत्यांच्या लक्षात आलं.

"अरे, चांगला सूट आहे! फोटो काढून जोड ना."

"पुरावा मागितलाय," फोरमन म्हणाले आणि त्यांनी कॉलर कापली. कात्री बोथट होती. त्यांना दोनदा जोर लावावा लागला.

*

नियोजन कार्यालयाचा हरकत विभाग तळमजल्यावर होता. लांबट खोली, एक काउंटर, भिंतीवर आराखड्याचा नकाशा आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत पहिल्या पानावरचं वाक्य, 'या बदलात एकही कष्टकरी हात मोजणीबाहेर राहणार नाही.' ते वाक्य छोटीने लिहिलं होतं. आज तिने तिकडे बघायचं टाळलं.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी चौघं आत आले. फोरमन इस्त्रीच्या शर्टात, थोरला अजून सूटवरच, वहिनी फाइल घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे आत्या, कोरड्या बाह्यांत जराशा ओळखू न येणाऱ्या. छोटी पंधरा मिनिटं आधी येऊन काउंटरच्या पलीकडे बसली होती. तिने खुर्ची मागे सरकवली आणि शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली, "हे तुम्ही घ्या. माझे नातलग आहेत."

सहकारी निवांत माणूस होता. त्याने आधी थोरल्याची हरकत घेतली, शिक्का मारला. मग आत्यांचा अर्ज वाचला. मग कागदाला टाचणीने लावलेला खाकी कापडाचा तुकडा उचलून उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"पुरावा," फोरमन म्हणाले. "असे साडेतीनशे आहेत. सोमवारी सकाळी फाटकावर या, पाळी सुरू होताना. कोणाचीही कॉलर बघा."

सहकाऱ्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने न सांगता मान वाकवली. सहकाऱ्याने दोन्ही कॉलरींवरचे टाके ताडून पाहिले आणि तुकडा परत कागदावर नीट ठेवला. मग फोरमनचं पत्र त्याने छोटीकडे सरकवलं. "अक्षर सुंदर आहे. पण फॉर्म तुम्ही तपासला होता, तेव्हा वाचल्याची सही तुमचीही लागेल."

छोटीने वाचलं. वडिलांचं अक्षर, समास सरळ.

'घराचा पाहणी फॉर्म मी भरला. त्यात माझी चूक झाली. आमच्या घरातून कामावर जाणारे लोक मी दोन पिढ्यांत तीन मोजले. ते चार आहेत. माझी बहीण मी ज्या दिवशी कामावर लागलो त्याच संध्याकाळी कामावर लागली. मी चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. ती अजून कामावर आहे. बेचाळीस वर्षांत तिची एकही रजा मला आठवत नाही.'

खाली सही होती. सहीखाली, सवयीने, 'फोरमन' असं लिहून खोडलेलं होतं, आणि त्याच्या जागी लिहिलं होतं 'भाऊ'.

छोटीला सही करायला थोडा वेळ लागला. अक्षरं नीट दिसत नव्हती.

"नोंद करायचीय," सहकारी पेन उघडून म्हणाला. "अर्जदार तुमच्या कोण?"

"माझी आत्या."

"काय करतात?"

हा प्रश्न तिला आयुष्यभर विचारला गेला होता, आणि उत्तर तोंडात तयार असायचं. तिने काउंटरपलीकडे पाहिलं. आत्या नकाशासमोर उभ्या राहून त्यावर बोटाने स्वतःची शेड शोधत होत्या.

"कामावर असते," छोटी म्हणाली.

सहकाऱ्याने लिहून घेतलं, घड्याळ बघून चार पंचेचाळीसचा शिक्का मारला आणि पोचपावती पुढे केली. ती घ्यायला फोरमननी सवयीने हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि ते बाजूला झाले.

"बेबी," ते म्हणाले, "ये. तुझी पावती आहे."

आत्यांनी पावती दोनदा वाचली, घडी घातली आणि कनवटीला लावली. "झालं ना? चला मग," त्या म्हणाल्या. "टर्बाइनवाल्यांचे सूट भिजत घालून आलेय."

"मी येतो," फोरमन म्हणाले. "पिळायला."

आत्यांनी त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं, इस्त्रीच्या शर्टासकट.

"ये," त्या म्हणाल्या. "पण आधी तुझ्या कॉलरला धागा घालावा लागेल."